छत्तीस गुण

रिओ द जानेरो ऑलिंपिक. १३ ऑगस्ट २०१६ची रात्र.

८०० मीटर संपलंय. हेप्टॅथलॉनमधला हा शेवटचा प्रकार, त्यामुळे रेषा ओलांडली की बहुतेक जणी तिथंच ट्रॅकवर अंग टाकतात. कुणी उताणी, कुणी गुडघ्यांवर. छाती धपापतेय, नजर मात्र फलकावर. ही शर्यत कोण जिंकलं, याला इथं फारसा अर्थ नाही. दोन दिवस, सात प्रकार. सगळ्या प्रकारांतल्या गुणांची बेरीज लागेपर्यंत जीव टांगणीला.

बेरीज लागली. कॅनडाची ब्रिएन थायसन-ईटन, ६६५३, कांस्य. लॅटव्हियाची लाउरा इकाउनिएत्से, ६६१७. चौथी.

फरक ३६ गुणांचा. म्हणजे नेमका किती? ८०० मीटरमध्ये साधारण अडीच सेकंद. भालाफेकीत दोन मीटरही नाही. उंच उडीत दांडी एका वेळी ३ सेंटिमीटरनं चढवतात, १.७७ऐवजी १.८० मीटर पार केलं, की ३७ गुण पदरात. दांडीची एक पायरी, बस्स.

लाउराचा जन्म १९९२चा. आई विनेता ही लॅटव्हियाची नावाजलेली धावपटू, तेव्हा वेग घरातच होता. आणि भाला? तो देशातच आहे म्हणा ना. लॅटव्हियाची लोकसंख्या वीस लाखांच्या आत, पण यानिस लूसिस इथलाच, १९६८च्या मेक्सिको ऑलिंपिकचा भालाफेकीतला विजेता. लाउराचीही भाला ही जमेची बाजू. रिओत तिनं तो ५५ मीटरच्या पुढं टाकला होता. तरीही ३६ गुण उरलेच.

हिशेब उशिरा लागण्याची तिला सवय होती. २०१२, हेलसिंकी, युरोपियन स्पर्धा. वय अवघं वीस. मैदानावर ती तिसरी आली, कांस्य घेऊन घरी गेली. पुढं युक्रेनची ल्युडमिला योसिपेन्को उत्तेजकांच्या प्रकरणात अपात्र ठरली आणि लाउराच्या कांस्याचं रौप्य झालं. गंमत पुढं आहे. रिकामं झालेलं कांस्य चौथ्या क्रमांकावरच्या आइगा ग्राबुस्तेकडं गेलं. तीही लॅटव्हियाचीच! दोघींमध्ये अंतर फक्त १० गुणांचं, ६३३५ आणि ६३२५. पदक उशिरानं घरपोच येईलही. स्टेडियममधल्या टाळ्या मात्र मागून पाठवता येत नाहीत.

२०१५ला बीजिंगमध्ये त्याही मिळाल्या. जागतिक स्पर्धेत जेसिका एनिस-हिलला सुवर्ण, थायसन-ईटनला रौप्य. लांब उडीत पदकाच्या शर्यतीतल्या ब्रिटनच्या कॅटरिना जॉन्सन-थॉम्पसनच्या तिन्ही उड्या बाद झाल्या, वाट मोकळी झाली. अशी वाट मोकळी होते तेव्हा तिथं हजर असावं लागतं. लाउरा होती. ६५१६ गुण, कांस्य.

मग रिओ. ते आपण पाहिलंच.

आणि त्यानंतर नऊ महिन्यांनी, मे २०१७मध्ये, ऑस्ट्रियातलं ग्योट्झिस. डोंगरांच्या पायथ्याचं छोटंसं गाव, पण हेप्टॅथलॉनवाल्यांची पंढरीच ती. रिओचं सुवर्ण बेल्जियमच्या नाफी थिआमनं ६८१० गुणांवर नेलं होतं. ग्योट्झिसच्या फलकावर लाउराच्या नावापुढं आकडा झळकला: ६८१५. लॅटव्हियाचा राष्ट्रीय विक्रम.

थिआमनं त्या दिवशी ७०१३ केले. जर्मनीच्या कारोलिन शेफरनं ६८३६.

लाउरा तिसरी.