जुना पार्ट मागा

श्रोतेहो, नमस्कार. पावसाळा सरत आला की नाशिकच्या गॅरेजांत गाड्यांची रांग लागते. द्वारका असो नाहीतर सातपूर, गाडी सोडताना आपण एवढंच म्हणतो, "काय ते बघून घ्या." मग संध्याकाळी बिल पाहिलं की शंका सुरू.

माझ्या ओळखीच्या एक शिक्षिका म्हसरूळहून स्कूटरने शाळेत जातात. मागचा ब्रेक दाबला की करकर आवाज यायचा. एका गॅरेजात चाक न उघडताच सांगून टाकलं, "ब्रेक शू गेले, ड्रमही गेला." बाईंनी गाडी वळवली आणि पंचवटीतल्या एका छोट्या गॅरेजात नेली. तिथल्या मिस्त्रींनी मागचं चाक काढलं आणि हाक मारली, "मॅडम, इकडे या. स्वतः बघा." ड्रममध्ये काळी भुकटी आणि चिखल थापलेला, लायनर, म्हणजे ब्रेक शूवरचं घासलं जाणारं अस्तर, मात्र अजून चांगलं जाड. त्यांनी पॉलिश पेपरने लायनर घासलं, ड्रम साफ केला, चाक बसवलं आणि बाईंनाच गल्लीत एक फेरी मारायला लावली. आवाज बंद! पण मला भावलं ते पुढचं. बिलावर मजुरीच्या खाली त्यांनी लिहिलं, "ब्रेक शू बदलले नाहीत. लायनर बाकी आहे. दिवाळीनंतर दाखवणे." जे काम केलं नाही, तेही बिलावर! दिवाळीनंतर शू खरंच बदलावे लागले. मिस्त्रींनी जुने शू कागदात गुंडाळून हातात दिले. बाईंनी घासाघीस केली नाही.

एसी वेटिंग रूममधली कॉफी मला नको, मिस्त्रींच्या शेजारी एक स्टूल द्या.   

तर, काम सुरू होण्याआधी जॉब कार्डावर, म्हणजे गाडी घेताना गॅरेजवाले कामं लिहितात त्या कागदावर, अंदाजे खर्च लिहून घ्या. जादा काम निघालं तर आधी फोन करा, हेही त्यावरच लिहायला लावा. जुना पार्ट मागा. पुन्हा सांगते, जुना पार्ट मागा. बिलात पार्टचे पैसे वेगळे, मजुरी वेगळी हवी. बिलच न देणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. गॅरेजवाल्याने दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. नंबर १९१५. एक, नऊ, एक, पाच. गाडीच्या कागदांच्या पाकिटावर आत्ताच लिहून ठेवा.