स्टॅगर ली: एका हॅटवरून झालेला खून आणि त्याचं गाणं

नमस्कार श्रोतेहो.

आज अमेरिकेतलं एक जुनं गाणं घेऊन आलेय. ‘स्टॅगर ली’. कुठल्या तबकडीवर ‘स्टॅक ओ ली’ असं छापलेलं असतं, कुठल्या तबकडीवर ‘स्टॅकाली’. नावं बदलतात, गोष्ट तीच राहते. ली नावाचा एक माणूस, बिली नावाचा दुसरा माणूस आणि एक हॅट. ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं संगीत. त्यातली गोष्ट सांगणारी जी गाणी आहेत, ब्लूज बॅलड म्हणतात त्यांना, त्यांत मला हे सगळ्यात जवळचं. ते खुनाचं गाणं आहे आणि तो खून खरोखर झालेला आहे. म्हणून गाण्याआधी ती रात्र सांगते.

२५ डिसेंबर १८९५. नाताळची रात्र. मिसिसिपी नदीकाठचं सेंट लुईस शहर. गुलामगिरी कायद्यानं संपून तीस वर्षं झाली होती. अकरावा रस्ता आणि मॉर्गन स्ट्रीट जिथे मिळतात, त्या कोपऱ्यावर बिल कर्टिस नावाच्या माणसाचा गुत्ता. सणाचा दिवस, त्यामुळे आत गर्दी. बिली लायन्स आधीपासून बसलेला. वय पंचविशीचं, नदीच्या धक्क्यावर कामाला. रात्री दहाच्या सुमाराला आत आला ली शेल्टन. हा घोडागाडी हाकायचा. त्याला सगळे ‘स्टॅग ली’ म्हणायचे. डोक्यावर स्टेट्सन हॅट, म्हणजे स्टेट्सन या नावाजलेल्या कंपनीची. ही हॅट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं तिच्यावरूनच घडलं.

आत येताच शेल्टननं विचारलं, ‘आज पाजतोय कोण?’ कुणीतरी लायन्सकडे बोट दाखवलं. दोघेही काळे, ओळखीचेच. शेजारी बसले, प्यायले, हसले-खिदळले. जुने दोस्त नाताळच्या रात्री बसतात तसे. मग बोलता बोलता विषय गेला राजकारणावर. नेमकं काय बोलणं झालं ते कुणी लिहून ठेवलेलं नाही, पण आवाज चढले आणि दोघे एकमेकांच्या हॅटवर टपल्या मारायला लागले. तोवरही हे थट्टेवारीच चाललं होतं. मग शेल्टननं लायन्सची हॅट ओढली आणि चेपून तिचा आकार घालवला. लायन्सची होती डर्बी, गोल आणि कडक. एकदा चेपली की गेली. लायन्स म्हणाला, भरपाई दे, पंचाहत्तर सेंट. शेल्टन म्हणाला, एवढ्यात तर असल्या हॅटची पेटी येईल.

यावर लायन्सनं हात लांब करून शेल्टनच्या डोक्यावरची स्टेट्सन काढून घेतली.

शेल्टननं ती परत मागितली. लायन्स देईना. शेल्टननं पिस्तूल काढलं, पुन्हा मागितली. लायन्स तरीही देईना. तेव्हा शेल्टननं त्याच्या पोटात गोळी घातली. आणि आता जे सांगते, ते दुसऱ्या दिवशीच्या बातमीत छापून आलेलं आहे. लायन्स जमिनीवर कोसळला. शेल्टननं त्याच्या हातातली आपली हॅट घेतली आणि शांतपणे चालत बाहेर पडला. धावला नाही, ओरडला नाही. हॅट घेतली आणि गेला. लायन्सनं पहाट व्हायच्या आत प्राण सोडला. शेल्टनला त्याच रात्री पोलिसांनी पकडलं.

मला विचाराल तर हे गाणं त्या हॅट उचलण्यातून जन्मलं. गोळीबार त्या काळात पुष्कळ व्हायचे आणि त्यांतल्या बहुतेकांची गाणी झाली नाहीत. पण १८९५ साली एका काळ्या माणसाच्या डोक्यावर चांगली स्टेट्सन असणं याला अर्थ होता. ती नुसती डोकं झाकायची वस्तू नव्हती. चारचौघांत ती कुणी काढून घेतली, तर माणसाची किंमतच काढून घेतल्यासारखं होतं. खुनाचं समर्थन मी करत नाही. पण ऐकणाऱ्याला ते कारण पटकन कळतं, आणि जे पटकन कळतं ते गाण्यात टिकतं.

पुढचं कोर्टकचेरीचं थोडक्यात. १८९६ साली पहिला खटला चालला, त्यात ज्यूरीचं एकमत झालं नाही. १८९७ साली दुसऱ्या खटल्यात पंचवीस वर्षांची शिक्षा झाली. १९०९ साली सुटका, दोन वर्षांत पुन्हा तुरुंग आणि १९१२ साली तुरुंगातच क्षयानं मृत्यू. फाशी झाली नाही. हे मुद्दाम दोनदा सांगते, फाशी झाली नाही, कारण गाण्यांतून त्याला अनेकांनी फासावर चढवलंय.

आणि खरी नवलाईची गोष्ट ही की माणूस जिवंत असतानाच त्याचं गाणं पसरलं होतं. १९११ साली हॉवर्ड ओडम या अभ्यासकानं दक्षिणेतल्या काळ्या लोकांची गाणी गोळा करून छापली, त्यांत हे आलं. म्हणजे शेल्टन कोठडीत खोकतोय आणि शेकडो मैलांवर लोक त्याच्या नावानं गातायत. जात्यावरच्या ओवीला जशी कर्ती सापडत नाही, तसा या गाण्याचाही कर्ता सापडत नाही.

कर्त्यावरून आठवलं. कर्ता सापडत नाही ती गोष्ट वेगळी, पण जिथे माहीत असतो तिथे तरी नाव घ्यावं की नाही? हल्ली गाणं लागतं आणि गीतकार, संगीतकार, कुणाचंच नाव येत नाही. थेट पुढचं गाणं, थेट जाहिरात. मी रेडिओवर वाढले ते ‘गीत अमक्याचं, संगीत तमक्याचं’ हे ऐकत. नाव घ्यायला चार सेकंद लागतात. ती चार सेकंदं द्यायलाच हवीत, असं माझं ठाम मत आहे. असो.

तबकड्यांकडे वळूया. १९२५ साली मा रेनी या थोर गायिकेनं हे गाणं ध्वनिमुद्रित केलं, तेही ‘फ्रँकी’ या दुसऱ्या खुनाच्या गाण्याच्या चालीवर. तो खूनही सेंट लुईसचाच, १८९९ सालचा. १९२७ साली फ्रँक हचिसन या वेस्ट व्हर्जिनियातल्या गोऱ्या खाण कामगारानं गायलं. म्हणजे गाणं तोवर काळ्या वस्तीबाहेर पडलं होतं.

मग आलं १९२८ साल आणि मिसिसिपी जॉन हर्ट. अॅव्हलॉन नावाच्या खेड्यातला शेतकरी. डिसेंबरात न्यूयॉर्कला जाऊन त्यानं जे गायलं, त्याला तोड नाही. हा माणूस ओरडत नाही. अंगणात बसून शेजाऱ्याशी बोलावं इतक्या हळू आवाजात सांगतो. गिटारवर अंगठा खालच्या तारांवर एकसारखा ठेका धरतो, बाकीची बोटं वर चाल खेळवतात, ऐकताना दोन माणसं वाजवतायत असं वाटतं. सुरुवातीलाच तो पोलिसाला विचारतो, सगळ्यांना पकडता, मग त्या क्रूर स्टॅक ओ लीलाच कसं पकडत नाही? पुढे बिली जीव वाचवायला विनवतो, घरी दोन लेकरं आहेत, बायको आहे म्हणतो. आणि ली म्हणतो, तुझ्या लेकरांचं मला काय, तू माझी स्टेट्सन चोरलीस. बघा, पुन्हा हॅट. हर्टचा ली शेवटी फासावर जातो. हर्ट नंतर शेतीत परतला. १९६३ साली, त्याच्याच एका गाण्यातल्या अॅव्हलॉन या नावावरून, टॉम हॉस्किन्स नावाचा तरुण त्याला शोधत तिथवर पोचला. हर्ट तिथेच होता. त्याच वर्षी न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात तो हजारोंसमोर गायला.

१९५८ साली लुइझियानाच्या लॉइड प्राइसनं हे गाणं नाचायला लावणारं केलं, आणि १९५९च्या फेब्रुवारीत ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. इथे भांडण फाशांच्या जुगारात होतं. गोळी बिलीच्या आरपार जाऊन गुत्तेवाल्याचा ग्लास फोडते, आणि मागचा कोरस चक्क खुन्याला चेव आणत असतो, ‘गो, स्टॅगर ली!’ ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. टीव्हीवर डिक क्लार्क या निवेदकाच्या गाण्यांच्या कार्यक्रमासाठी मात्र प्राइसला वेगळे शब्द गावे लागले. जुगार नाही, पिस्तूल नाही, भांडण मिटतं, बिली जिवंत. मला हे पटत नाही. खून काढून टाकला की बिलीसाठी हळहळायची जागाच उरत नाही.

याच्या पुढे यादी लांब आहे. विल्सन पिकेटनं गायलं, ग्रेटफुल डेड या बँडनं १९७८ साली नवे शब्द लिहून घेतले, १९९३ साली बॉब डिलन हचिसनच्या गाण्याकडे परत गेला, आणि निक केव्हनं १९९६ साली त्याला इतकं हिंसक केलं की ते इथे लावता येणार नाही. पण यांतला एकही जण आधीच्याची नक्कल करत नाही, आणि मला तेच महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे गाण्याच्या स्पर्धांत लहान मुलानं मूळ गायकाची हरकत अन् हरकत उचलली की परीक्षक उभे राहतात, ‘हुबेहूब!’ म्हणतात. त्या मुलाचा स्वतःचा आवाज कधी ऐकायचा आपण? हर्टनं मा रेनीची नक्कल केली असती, तर आज हर्ट कुणाला आठवला नसता.

आता हर्टची १९२८ सालची तबकडी लावतेय. थोडी खरखर आहे, ती चालवून घ्या. आधी अंगठ्याचा ठेका ऐका. शब्द कळले नाहीत तरी ‘स्टेट्सन हॅट’ हे नक्की ओळखू येईल. आणि नाव घेतेच: गायक आणि गिटारवादक, मिसिसिपी जॉन हर्ट.