‘समजलं का?’ या प्रश्नाविषयी

आजचा जाहीर विषय स्थलांतरित कामगारांचे हक्क हा आहे आणि त्याकडे मी येणारच आहे. पण त्याआधी माझ्या मनात कित्येक वर्षे घर करून बसलेल्या एका प्रश्नाविषयी बोलू द्या. नव्या कामगाराला सूचना भराभर सांगून झाल्यावर सुपरवायझर विचारतो, “समजलं का?” तो हा प्रश्न.

मी एका कारखान्यात सुरक्षा प्रशिक्षक होतो. दुरुस्तीसाठी कोणी यंत्राच्या आत उतरले की त्याची वीज बंद करून खटक्याला कुलूप घालायचे आणि ‘आत माणूस आहे, सुरू करू नये’ अशी पाटी अडकवायची, हा तिथला नियम. त्या दिवशी कुलूप सापडले नाही, म्हणून नुसती पाटीच लावली गेली. परमुलखातून येऊन चारच दिवस झालेल्या एका तरुणाला पॅनेल पुसायला सांगितले होते. त्याने ती पाटी काढली, तिच्यावरची धूळ फडक्याने निगुतीने पुसली, दोरीचा पीळ सोडवला आणि ती शेजारच्या खटक्याला अडकवून ठेवली. यंत्रात माणूस होता आणि त्याचा खटका मोकळा होता. एका जुन्या ऑपरेटरची नजर गेली, म्हणून अनर्थ टळला. चौकशीत प्रशिक्षणाच्या नोंदवहीत त्या तरुणाची सही निघाली. पाटीवरची लिपी मात्र त्याला वाचताच येत नव्हती. ठपका त्याच्यावरच आला. तो अन्याय होता, असे मी तेव्हाही म्हणालो आणि आजही म्हणतो.

त्याला मीही “समजलं का?” असे विचारले होते आणि त्याने “हो” म्हटले होते. त्या “हो”मागे काय काय असते पाहा: दलालाला देण्यासाठी काढलेले कर्ज, मालकाच्या कपाटात अडकलेला पासपोर्ट, आणि “नाही” म्हणणाऱ्याला परत पाठवतात ही सहकाऱ्यांकडून ऐकलेली गोष्ट. म्हणून “समजलं का?” ऐवजी “करून दाखव” म्हणावे, आणि तेही त्याच्या भाषेत.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे, तेव्हा हक्कांचे थोडक्यात सांगतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 1981 च्या 155 क्रमांकाच्या करारानुसार सुरक्षिततेच्या उपायांचा खर्च कामगाराच्या माथी मारता येत नाही. म्हणजे हेल्मेटचे पैसे पगारातून कापणे त्यात बसत नाही. जिवावर बेतेल असे वाजवी कारणाने वाटून जो काम सोडून बाजूला होतो, त्यालाही हा करार संरक्षण देतो. 2022 मध्ये याच संघटनेने सुरक्षित आणि आरोग्यदायी कामाची जागा हा कामगारांच्या मूलभूत हक्कांपैकी एक ठरवला. स्थलांतरित कामगारांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा 1990 चा करार 2003 मध्ये अमलात आला. मालकाने पासपोर्ट काढून घेणे त्यानुसार बेकायदा आहे आणि कामाच्या अटींत स्थानिक कामगारांच्या बरोबरीची वागणूक मिळणे हा हक्क आहे. मात्र जिथे माणसे मोठ्या संख्येने कामाला जातात, त्या बहुतेक श्रीमंत देशांनी तो स्वीकारलेलाच नाही.

शेवटचा मुद्दा घाईने मांडतो, पण तोच मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कामाचा परवाना जोवर एकाच मालकाशी बांधलेला आहे, तोवर धोका दिसताच बाजूला होण्याचा हक्क वापरायला कोणी धजावणार नाही. म्हणून मालक बदलण्याची मुभा ही सुरक्षेच्या नियमांतच लिहिली गेली पाहिजे.