चिंक्वे तेर्रे : भिंतींनी धरलेला डोंगर

मंडळी, इटलीच्या वायव्येला समुद्राला बिलगून कमानीसारखा वळलेला एक चिंचोळा पट्टा आहे, त्याचं नाव लिगुरिया. जिनोआहून ला स्पेझियाकडे जाणारी आगगाडी शेवटच्या टप्प्यात सारखी बोगद्यात शिरते आणि बाहेर पडते. बोगद्यांच्या मधल्या उजेडात जी गावं क्षणभर दिसतात, ती चिंक्वे तेर्रेची पाच गावं : मोन्तेरोस्सो, वेर्नात्सा, कोर्नील्या, मानारोला आणि रिओमाज्जोरे. मोन्तेरोस्सोला वाळूचा किनारा आहे, लिंबाच्या बागा आहेत आणि मिठात मुरवलेली लहान मासळी आहे. वेर्नात्साचं बंदर देखणं. कोर्नील्या मात्र कड्यावर आहे. स्टेशनवरून गावात चढून जायला पावणेचारशेहून जास्त पायऱ्या आहेत. मानारोला आणि रिओमाज्जोरेची रंगीत घरं तुम्ही सगळ्यांनी फोटोत पाहिलेली आहेत, त्यामुळे त्यांच्याबद्दल मी फार बोलत नाही.

मला बोलायचंय ते त्या फोटोच्या वरच्या भागाबद्दल. घरांच्या मागे उभा डोंगर आहे आणि त्याच्यावर आडव्या रेघा दिसतात. त्या रेघा म्हणजे दगडी भिंती. युनेस्कोने १९९७ साली या परिसराला जागतिक वारसा म्हटलं, त्यात या भिंतींच्या शेतीचा वाटा फार मोठा आहे. इथे सपाट जमीन जवळपास नाहीच. साधारण हजार वर्षांपूर्वीपासून माणसांनी डोंगर फोडला, निघालेल्या दगडांच्या भिंती रचल्या, त्यांच्यामागे टोपल्यांनी माती वाहून भरली आणि त्या अरुंद पट्ट्यांवर द्राक्षं लावली.

भिंत चुन्याशिवाय, सिमेंटशिवाय उभी असते. कोकणातल्या माणसाला गडगा कसा रचतात ते सांगायला नको. फक्त तिथला गडगा हद्द दाखवत नाही, डोंगर धरून ठेवतो. मोठे दगड पायाला जातात, सपाट तोंडाचे दर्शनी बाजूला, आणि मागे लहान चिपांचा भर घालतात. भिंतीची खरी करामत या मागच्या भरात आहे. पावसाचं पाणी त्यातून झिरपून भिंतीच्या फटींतून बाहेर पडतं. सिमेंटने फटी बुजवल्या की पाणी मागे तुंबतं, भिंतीला पोट सुटतं आणि एका पावसाळी रात्री ती खाली येते. म्हणून दरवर्षी ढासळलेली जागा शोधून हाताने पुन्हा रचावी लागते. ही कला २०१८ साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आली. तिच्यात इटलीबरोबर युरोपातले आणखीही देश आहेत.

वेली जवळून बघा. समुद्रवाऱ्याने मोडू नयेत म्हणून इथले मांडव परंपरेने अगदी बुटके असतात. माणसाला वाकून, कधी गुडघ्यांवर बसून खालून घड तोडावे लागतात. बोस्को, अल्बारोला आणि व्हेरमेंतिनो या इथल्या द्राक्षांच्या जाती. त्यांची गोड वाईन म्हणजे शाक्केत्रा. तिच्यासाठी निवडक घड हवेशीर सावलीत नोव्हेंबरपर्यंत सुकवतात आणि मग दाबतात. शंभर किलो द्राक्षांतून रस निघतो जेमतेम तीसेक लिटर. किंमत ऐकून पर्यटक नाक मुरडतात. मला ती किंमत रास्त वाटते, कारण त्या बाटलीत भिंतीची मजुरीही आहे. घड खाली आणायला आता एका रुळावर चालणारी छोटी दातेरी गाडी आहे. त्याआधी सगळं डोक्याखांद्यावरून यायचं.

विसाव्या शतकात तरुण माणसं ला स्पेझियाच्या गोदीत, कारखान्यांत नोकरीला गेली. ते साहजिकच होतं. उभ्या उतारावरची ही शेती कंबर मोडणारी आहे. पण पट्टे ओस पडले आणि भिंती कोणी बघेना. २५ ऑक्टोबर २०११ रोजी काही तासांत प्रचंड पाऊस कोसळला. वेर्नात्साच्या मुख्य रस्त्याखालून झाकलेला ओढा वाहतो. तो दगड, माती, झाडं घेऊन रस्त्यावर उसळला. दुकानं पहिल्या मजल्यापर्यंत गाळात गेली, गावात तीन माणसं दगावली. मोन्तेरोस्सोलाही मोठा फटका बसला. नंतर भूशास्त्रज्ञांनी उतार तपासले तेव्हा दिसलं, की ज्या पट्ट्यांवरची शेती अलीकडच्या काळात सुटली होती, तिथे दरडी जास्त कोसळल्या होत्या. जुनं रान माजलेली जमीन मुळांनी थोडीफार धरलेली असते. नुकत्याच सोडलेल्या पट्ट्यावर भिंतीची देखभालही नाही आणि झाडांचा आधारही नाही.

रिओमाज्जोरे ते मानारोला ही कड्यावरची प्रसिद्ध 'प्रेमवाट' जेमतेम एक किलोमीटरची. २०१२ च्या सप्टेंबरमध्ये तिथे दरड कोसळून पर्यटक जखमी झाले आणि वाट बंद झाली. ती पूर्ण उघडायला २०२४ साल उजाडलं. एवढ्याशा वाटेला बारा वर्षं लागतात, यावरून वरचा उतार सांभाळणं किती अवघड आहे ते लक्षात घ्या.

तेव्हा तुम्ही जाल तेव्हा माझी एक विनंती आहे. पाच गावं एका दिवसात उरकू नका. मानारोलाहून बसने व्होलास्त्राला जा. हे वस्तीचं ठिकाण समुद्रापासून तीनशे मीटरहून उंच आहे. तिथून कोर्नील्याची पायवाट द्राक्षांच्या पट्ट्यांमधून जाते. एका हाताला भिंत, दुसऱ्या हाताला खाली समुद्र. सप्टेंबरमध्ये गेलात तर तोडणी चालू असेल, माणसं काम करताना दिसतील. पायात धड बूट हवेत, आणि पाऊस झाला असेल तर वाट उघडी आहे का ते आधी विचारा. थकलात तर वाटेवरच बसा, भिंतीवर नको. वरच्या थराचे दगड नुसते ठेवलेले असतात. एक हलला की शेजारचे सुटतात, आणि ते परत रचायला कोणाला तरी खालून चढून यावं लागतं.