लेस्टर कशावर बसलाय?

नमस्कार मंडळी, कसे आहात सगळे? आज घोड्यांच्या रेसविषयी बोलणार आहे, पण ज्यांनी आयुष्यात कधी रेसकोर्सचं तोंड पाहिलं नाही त्यांनीही थांबा, बंद करू नका, कारण आज मी भाव आणि टिपा सांगायला आलो नाहीये, मी एका माणसाची आठवण काढायला आलोय. लेस्टर पिगट. इंग्लंडचा जॉकी. २९ मे २०२२ ला स्वित्झर्लंडमध्ये गेला, ८६ वर्षांचा होता, आणि त्यानंतर आठवड्याभरातच एप्सम डर्बी, म्हणजे इंग्लंडमधली सगळ्यात मानाची घोड्यांची रेस, आली तर ती त्या वर्षी त्याच्या स्मृतीतच पळवली गेली. आणि ते बरोबरच होतं, कारण ही डर्बी त्याने नऊ वेळा जिंकली होती. नऊ! इतक्या वेळा दुसऱ्या कुठल्याच जॉकीने जिंकलेली नाही.

त्याच्या काळातल्या इंग्लंडमधल्या लोकांच्या आठवणी वाचल्या, ऐकल्या की एक गोष्ट फिरून फिरून येते. डर्बीच्या दिवशी तिथे जी माणसं वर्षातून एकदाच पैसे लावायची, म्हणजे घरातल्या आया, आज्या, ऑफिसातले लोक, त्यांना घोड्यातलं काही कळायचं नाही, घोड्याचा बाप कोण आई कोण काही माहीत नसायचं. ते एवढंच विचारायचे, लेस्टर कशावर बसलाय? बस, त्याच्यावर लावायचे. घोड्याचं नाव नंतर वाचायचे, कधी वाचायचेही नाहीत. आणि बुकींना हे पक्कं ठाऊक होतं, त्यामुळे तो बसला की घोड्याचा भाव आपोआप खाली यायचा, म्हणजे जिंकल्यावर मिळणारे पैसे कमी व्हायचे. आडनाव कोणी घ्यायचंच नाही, नुसतं लेस्टर. घरातल्या मुलाला हाक मारावी तसं.

आणि गंमत बघा, हा माणूस लोकांना काहीच द्यायचा नाही हो! हसणं नाही, हात हलवणं नाही, जिंकून आला तरी चेहरा असा की आताच कोणाच्या तरी अंत्यविधीहून परतलाय. लहानपणापासून कानाने कमी ऐकू यायचं, बोलणंही अडखळत, तोंडातल्या तोंडात, पत्रकार वैतागायचे. मला नेहमी वाटतं की लोकांनी त्याच्यावर जे प्रेम केलं ते त्यामुळेच इतकं घट्ट होतं, त्याने मागितलं नव्हतं, लोकांनी आपणहून दिलं होतं.

त्याच्या कानावरून एक किस्सा तर सगळ्या रेसवाल्यांना पाठ आहे. खरा किती माहीत नाही पण सांगतात सगळे. तबेल्यातला एक पोरगा रेस जिंकल्यावर त्याच्याकडे गेला, म्हणाला, एक पाउंड द्या ना साहेब. लेस्टर म्हणाला, हा कान बहिरा आहे, दुसऱ्या बाजूने ये. पोरगा धीट, दुसऱ्या बाजूने गेला आणि म्हणाला, दोन पाउंड द्या. तर लेस्टर म्हणतो, जा परत त्या एक पाउंडवाल्या कानाकडे. पैशाच्या बाबतीत तो चिकट होता हे सगळ्यांना माहीत होतं, आणि लोक ते हसत हसत सांगायचे.

आता जरा सुरुवातीला जाऊ. जन्म ५ नोव्हेंबर १९३५, वॉन्टेज गावात. घोडे रक्तातच. आजोबा अर्नी पिगट ग्रँड नॅशनल ही उड्यांची मोठी रेस जिंकलेले जॉकी, वडील कीथ जॉकी आणि पुढे ट्रेनर, आईकडचे रिकबी लोकही जॉकीच. १९४८ च्या ऑगस्टमध्ये हेडॉक रेसकोर्सवर ‘द चेस’ नावाच्या घोडीवर पहिली रेस जिंकला, तेव्हा वय किती, तर बारा वर्षं! आपल्याकडे बारा वर्षांच्या पोराला आपण सायकल जपून चालव सांगतो.

आणि मग १९५४ ची डर्बी. घोड्याचं नाव नेव्हर से डाय, भाव एकाला तेहतीस, म्हणजे कोणी विचारत नव्हतं त्याला, आणि वर बसलेलं पोरगं अठरा वर्षांचं. जिंकला. इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. लिव्हरपूलमध्ये मोना बेस्ट नावाची एक बाई होती, जन्म आपल्या दिल्लीतला, तिने म्हणे दागिने गहाण ठेवून सगळे पैसे या घोड्यावर लावले, आणि जिंकलेल्या पैशातून पुढे एक मोठं जुनं घर घेतलं. त्या घराच्या तळघरात तिने पोरांसाठी कॉफी क्लब काढला, कॅसबा त्याचं नाव, आणि तिथे गिटार घेऊन वाजवायला जी पोरं यायची ती पुढे बीटल्स झाली. आता बोला! अठरा वर्षांच्या पोराने एक घोडा पहिला आणला आणि त्याचे धागे कुठपर्यंत गेले.

पण तीच डर्बी जिंकल्यावर पंधरा दिवसांत काय झालं, तर अ‍ॅस्कट रेसकोर्सवर त्याच घोड्यावर धोकादायक रायडिंग केल्याबद्दल त्याला सस्पेंड केलं, त्यामुळे सेंट लेजर या दुसऱ्या मोठ्या रेसला तोच घोडा जिंकला तेव्हा वर दुसरा जॉकी होता. लहानपणापासून हे असंच होतं, मोकळी जागा दिसली की तो घुसणार, मग ती जागा खरंच असो नाहीतर नसो.

त्याची बसायची पद्धत एकदा जुन्या फिल्ममध्ये बघाच. जॉकीच्या मानाने तो ताडमाड, ५ फूट साडेसात इंच. लोक त्याला ‘लाँग फेलो’ म्हणायचे. बाकीचे जॉकी त्याच्या खांद्याला लागायचे. आणि हा उंच माणूस रिकिबी इतक्या आखूड करायचा की गुडघे जवळजवळ घोड्याच्या खांद्यावर आणि बसायचा भाग आभाळात. कोणीतरी त्याला विचारलं, अरे तू इतका वर का उचलतोस, तर म्हणाला, कुठेतरी ठेवायलाच हवा ना. एवढंच. पण त्या उंचीसाठी त्याने आयुष्यभर काय मोजलं ते बघा. ५३ किलोच्या आसपास वजन ठेवायचं, शरीराची ठेवण त्याहून कितीतरी भारी, तर वर्षानुवर्षं अर्धपोटी राहायचं, कॉफी, सिगार, घासभर काहीतरी, झालं. तो हसत का नाही असं विचारणाऱ्यांनी चाळीस वर्षं असं उपाशी राहून बघावं असं मला मनापासून वाटतं.

आणि चाहते सगळ्यात जास्त काय आठवतात तर त्याचं थांबणं. जिंकणं नाही हं, थांबणं! १९६८ ची डर्बी, घोडा सर आयव्हर. सगळ्यांना शंका, दीड मैल याच्याच्याने होईल का. शेवटच्या सरळ पट्ट्यात कनॉट नावाचा घोडा पुढे निघून गेलेला, चार पाच लेंग्थ, म्हणजे चार पाच घोड्यांच्या लांबीएवढा, संपली रेस असं वाटतंय, आणि लेस्टर मागे बसलाय शांत, हात हलत नाहीत, घोड्याचा दम नुसता साठवून ठेवलाय. माणसं ओरडतायत, सोड, सोड आता! आणि मग शेवटच्या फर्लांगात त्याने सोडला आणि सर आयव्हर असा गेला की कनॉट उभा आहे की काय असं वाटावं. मी ती फिल्म कितीदा पाहिली असेल, शेवट माहीत आहे तरी दर वेळी वाटतं की आज उशीर झाला.

कधी कधी खरंच उशीर व्हायचा. १९७० साली निजिन्स्की, केवढा घोडा! गिनीज, डर्बी, सेंट लेजर तिन्ही जिंकून ट्रिपल क्राउन, १९३५ च्या बहराम नावाच्या घोड्यानंतर पहिला, आणि त्यानंतर पन्नास वर्षं उलटली तरी दुसरा नाही. पण ऑक्टोबरमध्ये पॅरिसला आर्क द ट्रायम्फ नावाची मोठी रेस, तिथे लेस्टर खूप मागून आला आणि सासाफ्रास नावाच्या घोड्याने नुसत्या डोक्याएवढ्या फरकाने हरवलं. तेव्हापासून लोक भांडतायत, लेस्टर थांबला म्हणून हरला, का घोडाच थकला होता. लेजरच्या आधी निजिन्स्कीला कातडीचा आजार झाला होता, तो त्यातून पूर्ण सावरला नव्हता असं माझं मत, पण ज्यांनी त्या दिवशी पैसे लावले होते त्यांना हे सांगायला जाऊ नका.

एक गोष्ट मात्र मी लपवणार नाही, कारण त्याचे खरे चाहतेही लपवत नाहीत. १९७२ ची डर्बी. रॉबर्टो नावाच्या घोड्यावर बिल विल्यमसन बसणार होता, तो काही दिवस आधी पडला, पण डॉक्टरांनी फिट म्हटलं. तरी मालकाने त्याला काढलं आणि लेस्टरला बसवलं. रेस कसली झाली! एप्समचा शेवटचा पट्टा एका बाजूला उतरता आहे, तिथे रेनगोल्ड नावाचा घोडा आणि रॉबर्टो एकमेकांना खेटून पळतायत, लेस्टरचा चाबूक चाललाय, फोटो फिनिश, स्टुअर्ड्सची, म्हणजे रेसच्या पंचांची, चौकशी, आणि शेवटी रॉबर्टो शॉर्ट हेडने. म्हणजे नाकभर फरक. कित्येक जाणकार म्हणतात, दुसरा कोणी असता तर रॉबर्टो हरलाच असता. पण लोकांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. गप्प राहिले. आणि त्याच दुपारी विल्यमसनने पुढच्या रेसेस जिंकल्या तेव्हा त्याला डोक्यावर घेतलं. मला हे फार आवडतं, खरंच. ज्याच्यावर जीव टाकतो त्याचं चुकलं तर त्या दिवशी टाळी आवरायची, आणि पुढच्या शनिवारी परत त्याच्यावरच पैसे लावायचे.

हिमतीचं तर विचारूच नका. १९७७ ला बुधवारी द मिन्स्ट्रलवर डर्बी जिंकला, आणि त्याच आठवड्यात ओक्स नावाच्या रेसच्या आधी डर्टल नावाची घोडी उधळली, लेस्टरला फरफटत घेऊन गेली, पाय अडकलेला. सुटला म्हणून वाचला. १९८१ ला एप्समलाच स्टार्टिंग गेटमध्ये घोडा गेटच्या खालून घुसला आणि याचा कान जवळजवळ तुटून आला. आठवड्याने टाके घातलेल्या कानाने वन थाउजंड गिनीज ही घोड्यांची मोठी रेस जिंकला, फेरी फूटस्टेप्स नावाच्या घोडीवर! आणि १९८४ ला कमांची रनवर सेंट लेजर जिंकून त्याने २८ वी क्लासिक, म्हणजे इंग्लंडच्या पाच सगळ्यात मानाच्या रेसेसपैकी एक, घेतली, फ्रँक बकल या जुन्या जॉकीचा २७ चा रेकॉर्ड मोडला, तो रेकॉर्ड दीडशे वर्षांहून जुना होता हो.

१९८५ ला रिटायर झाला, न्यूमार्केटला ट्रेनर झाला, आणि मग १९८७ ला टॅक्स चुकवल्याबद्दल तीन वर्षांची शिक्षा झाली. एक वर्ष आणि एक दिवस आत होता. राणीने दिलेला किताबही काढून घेतला. गुन्हा होता, शिक्षा झाली, त्यात वाद नाही. पण वाटलं होतं की आता लोक विसरतील याला.

आणि आता मी ज्यासाठी आज आलोय ते. ऑक्टोबर १९९०. लेस्टर चोपन्न वर्षांचा, पाच वर्षं घोड्यावर रेस केलेली नाही, आणि १५ तारखेला हा माणूस लेस्टर रेसकोर्सवर परत येतो, हो, त्याच्याच नावाचं गाव वाटतं ऐकायला पण ते लेस्टर वेगळं. लोक वेड्यासारखे गर्दी करतात. पहिल्याच दिवशी एका घोड्यावर थोडक्यात हरतो, दुसऱ्या दिवशी चेपस्टोला निकोलस नावाच्या घोड्यावर जिंकतो, आणि त्या घोड्याची ट्रेनर कोण, तर त्याचीच बायको सुझन. मग आयर्लंडचे म्हातारे ट्रेनर व्हिन्सेंट ओब्रायन, ज्यांच्या सर आयव्हर आणि निजिन्स्कीवर हा बसला होता, ते त्याला बोलावतात, कराह रेसकोर्सवर एकाच दिवसात चार रेसेस जिंकतो.

आणि चारच दिवसांनी, २७ ऑक्टोबर, न्यूयॉर्कचं बेलमाँट पार्क रेसकोर्स, ब्रीडर्स कप, म्हणजे अमेरिकेतल्या मोठ्या रेसेसचा दिवस. त्या दिवशी तिथे फार वाईट झालं होतं, गो फॉर वाँड नावाची लाडकी घोडी सगळ्यांसमोर शेवटच्या पट्ट्यात पडली आणि गेली. स्टँडमध्ये माणसं रडत होती. मग माइल रेस. लेस्टर बसलाय रॉयल अकॅडमीवर, ओब्रायनचा घोडा, आणि बाप कोण माहितीये? निजिन्स्की! घोडा सुटतानाच मागे राहिला. वळणावर एकदा अडखळल्यासारखा झाला. बघणाऱ्यांनी आशा सोडली. आणि मग तो आला. बाहेरून, तसाच आखूड रिकिबींवर, तसाच आभाळाकडे उचललेला, एकेक घोडा मागे टाकत, आणि शेवटच्या काही ढांगांत इट्सऑलग्रीकटूमी नावाच्या घोड्याला मानेएवढ्या फरकाने हरवलं. ज्यांनी त्या रात्री इंग्लंडमध्ये टीव्हीवर हे बघितलं ते सांगतात की आम्ही खुर्चीवर उभे होतो, आणि कोणी सांगतं बाबांच्या डोळ्यात मी पहिल्यांदा पाणी पाहिलं, आणि मला ते पटतं, कारण मी तर कितीतरी वर्षांनी नुसती फिल्म पाहिली तरी घसा दाटून आला होता. जिंकल्यावर पठ्ठ्याच्या चेहऱ्यावर काय होतं? नीट बघितलंत तर थोडंसं हसू आहे, थोडंसंच, पण आहे.

१९९२ ला रॉड्रिगो द ट्रायनोवर गिनीज जिंकला, तिसावी क्लासिक, वय छप्पन्न. आणि इंग्लंडमधली शेवटची रेस जिंकला ती ऑक्टोबर १९९४ ला, पॅलेसगेट जॅक नावाच्या घोड्यावर. हेडॉकला. जिथे शेहेचाळीस वर्षांपूर्वी बारा वर्षांचा असताना पहिली जिंकला होता, त्याच हेडॉकला.