बेलिनी: पांढऱ्या पीचचे पेय

व्हेनिसमध्ये सान मार्को चौकापासून जवळच काल्ले व्हाल्लारेस्सो नावाची एक अरुंद गल्ली आहे. ती पाण्याच्या काठाशी जिथे संपते, तिथे 'हॅरीज बार' हे छोटेखानी मद्यगृह १९३१ सालापासून सुरू आहे. ज्या जागेत एके काळी दोरखंडांचे गोदाम होते, तिथे बार थाटणारे जुझेप्पे चिप्रियानी त्याआधी शहरातल्याच एका हॉटेलात बारटेंडर होते. त्या हॉटेलात मुक्कामाला असलेला हॅरी पिकरिंग हा बॉस्टनचा तरुण घरून येणारे पैसे थांबल्याने अडचणीत आला, तेव्हा चिप्रियानींनी त्याला दहा हजार लिरा उसने दिले. पुढे पिकरिंग परत आला, त्याने ते पैसे फेडले आणि वर आणखी चाळीस हजार देऊन बार काढण्याची सूचना केली, अशी हकीकत चिप्रियानी कुटुंबात सांगितली जाते. ती उसनवारी बुडाली असती, तर या चित्रफितीला विषयच उरला नसता.

याच बारमध्ये १९४८ च्या सुमारास चिप्रियानींनी पांढऱ्या पीचचा गर आणि प्रोसेक्को ही बुडबुड्यांची वाइन एकत्र केली. तयार झालेल्या पेयाच्या फिकट गुलाबी छटेवरून त्यांना व्हेनिसचे थोर चित्रकार जोव्हान्नी बेलिनी यांच्या चित्रांतील रंग आठवले आणि पेयाला त्यांचेच नाव मिळाले. चिप्रियानींना चित्रकारांचे वेड असावे, कारण कच्च्या गोमांसाच्या पातळ चकत्यांच्या त्यांच्या पदार्थालाही पुढे व्हित्तोरे कार्पाच्चो यांचे नाव देण्यात आले.

प्रोसेक्को ही इटलीच्या ईशान्य भागातील वाइन असून ती प्रामुख्याने ग्लेरा जातीच्या द्राक्षांपासून तयार होते. शॅम्पेनमध्ये बुडबुडे आणणारे दुसरे आंबवणे बाटलीत होते, तर प्रोसेक्कोचे बहुधा मोठ्या बंदिस्त टाकीत होते. त्यामुळे तिला यीस्टचा, भाजलेल्या पावासारखा वास फारसा येत नाही आणि फळाचा ताजेपणा टिकून राहतो. महागडी शॅम्पेन वापरल्याने बेलिनी अधिक चांगले होईल, हा समज म्हणूनच फसवा आहे, कारण शॅम्पेनचे खास गुण इथे गराखाली झाकले जातात. बाटली निवडताना 'ब्रूट', म्हणजे फार कमी गोड, असे लिहिलेली घ्यावी. 'एक्स्ट्रा ड्राय' ही नावावरून कोरडी, म्हणजे गोडवा नसलेली वाटली, तरी प्रत्यक्षात ब्रूटपेक्षा गोड असते.

या पेयातील खरे काम फळाचे आहे. पीच इतके पिकलेले हवे की देठाजवळ अंगठ्याने हलके दाबताच ते दबेल आणि हाताला त्याचा वास लागेल. फळे धुऊन चिरावीत, कोयी काढाव्यात, साली मात्र राहू द्याव्यात, कारण गुलाबी छटा बरीचशी सालीलगतच्या आणि कोयीलगतच्या गरातूनच येते. त्यानंतर फोडी मिक्सरमध्ये फिरवण्याचा मोह टाळावा. मिक्सरच्या पात्यांनी गरात हवा मिसळते, तो फेसाळतो आणि लवकर काळवंडतो. आपल्याकडे पुरणयंत्र असेल, तर बारीक भोकांची जाळी लावून फोडी त्यातून काढाव्यात. नसेल, तर स्टीलच्या बारीक गाळणीवर डावाच्या पाठीने दाबत राहावे. खाली जाड, मऊ गर उतरतो आणि वर सालींचा चोथा उरतो. गरात लगेच लिंबाच्या रसाचे काही थेंब घालावेत, म्हणजे तो तपकिरी पडत नाही. फळ आंबट निघाले, तरच चिमूटभर पिठीसाखर घालावी. मग गर झाकून फ्रिजमध्ये ठेवावा आणि वाइनइतकाच थंडगार होऊ द्यावा.

प्रमाण सोपे आहे. आंतरराष्ट्रीय बारटेंडर संघटनेच्या कृतीत १०० मिलिलिटर प्रोसेक्कोला ५० मिलिलिटर गर घेतला जातो. म्हणजे ७५० मिलिलिटरच्या एका बाटलीत सात पेले होतात.

बाटली सहा ते आठ अंशांपर्यंत थंड झालेली असावी. थंड वाइनमध्ये वायू अधिक काळ विरघळलेला राहतो, शिवाय बूचही अंगावर येत नाही. बुचावरची तार सैल करताना अंगठा बुचावरून हलवू नये. बाटली माणसांपासून दूर तिरकी धरून बूच घट्ट पकडावे आणि बाटली हळूहळू फिरवावी, म्हणजे मोठा आवाज न होता नुसता सुस्कारा निघतो. पेल्यात आधी गर घालावा. गरातले बारीक तंतू आणि कण वायूला बुडबुडे धरण्यासाठी असंख्य जागा पुरवतात, म्हणून वाइन पडताच फेस उसळून काठापर्यंत येतो. घाई केली की निम्मे पेय टेबलावर सांडते. थोडी वाइन ओतून थांबावे, फेस बसू द्यावा, लांब चमच्याने तळाचा गर एकदाच वर आणावा आणि मग उरलेली वाइन पेल्याच्या कडेने सोडावी. पुन्हा पुन्हा ढवळल्यास बुडबुडे निघून जातात आणि हाती नुसता पीचचा रस राहतो. बेलिनीत बर्फ घालत नाहीत, वर सजावटही करत नाहीत. हॅरीज बारमध्ये ते उंच नाजूक फ्लूटमध्ये नव्हे, तर सरळ कडांच्या छोट्या पेल्यात दिले जाते, त्यामुळे घरात काचेचे साधे छोटे पेले असले तरी अडत नाही.

महाराष्ट्रातल्या घरी प्रोसेक्कोऐवजी नाशिकची ब्रूट स्पार्कलिंग वाइन चालते. अडचण पीचची आहे. उन्हाळ्यात हिमाचल आणि उत्तराखंडातून येणारे पीच बहुधा पिवळ्या गराचे असतात. त्यांचे पेय चवीला छान लागते, पण रंग केशरी येतो आणि पांढऱ्या पीचचा फुलांसारखा सुगंध त्यात सापडत नाही. हापूसचा रस घालूनही पाहुणे खूश होतील. फक्त त्याला बेलिनी म्हणू नये.

सुरुवातीच्या काळात हॅरीज बारमध्येही बेलिनी हंगामापुरतेच मिळत असे आणि गर गोठवून ठेवण्याची सोय झाल्यावर ते वर्षभर मिळू लागले. घरीसुद्धा चांगले पीच हाती लागले, तर लिंबाचा रस घातलेला गर बर्फाच्या साच्यात गोठवून ठेवता येतो. वापरण्याच्या आदल्या रात्री तो फ्रिजच्या खालच्या कप्प्यात काढून ठेवावा.