यादी चावडीवर वाचा

(दृश्य: ग्रामपंचायतीसमोरचा पार, जमणारी माणसं)

बीड जिल्ह्यातलं हे ऊसतोड मजुरांचं गाव. दिवाळीच्या आगेमागे इथल्या अर्ध्या घरांना कुलपं लागतात आणि हंगाम संपला की टोळ्या परततात. आज बहुतेक सगळे गावात आहेत, म्हणूनच आजचा दिवस ठरवला. रेशनच्या लाभार्थ्यांची यादी वाचायची आहे. नावानिशी, मोठ्यानं, सगळ्यांसमोर.

(दृश्य: यादीच्या कागदावरून सरकणारं बोट)

यादी जवळून पाहा. आधी कार्डाचा बारा अंकी नंबर. मग कुटुंबप्रमुखाचं नाव. इथं बहुतेक नावं बायकांची दिसतील, कारण 2013 च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यानं घरातली अठरा वर्षांवरची सर्वांत मोठी स्त्री कुटुंबप्रमुख ठरवली आहे. त्यापुढे योजना. अंत्योदय असेल तर कार्डामागे महिन्याला 35 किलो धान्य, प्राधान्य कुटुंब असेल तर माणशी 5 किलो. आणि शेवटी युनिट, म्हणजे कार्डावरची माणसं. प्राधान्य कार्डावरचं एक युनिट कमी झालं, की त्या घराचं महिन्याचं 5 किलो धान्य कमी झालं.

(दृश्य: वाचन सुरू, गर्दीतून उठणारे हात)

एक नाव वाचलं जातं आणि मागून आवाज येतो, "म्हातारी दोन वर्षांमागं वारली." खूण होते. पुढचं नाव. "ही लेक नांदायला गेली." ग्रामसेवक विचारतात, "मावशी, तिकडं सासरी नाव चढलं का तिचं?" मावशी मान हलवतात. "नाही चढलं अजून. तिकडं चढू द्या, मग इथलं काढा." नाव राहतं. शेजारी लिहिलं जातं: स्थलांतर प्रलंबित.

हे कार्यालयात बसून कळत नाही. तिथं दिसतं ते एवढंच, की अमुक युनिटचं ई-केवायसी, म्हणजे आधारच्या ठशानं ओळख पटवणं, झालेलं नाही. का झालं नाही, हे गावाला ठाऊक असतं.

(दृश्य: रास्त भाव दुकान, ई-पॉस मशीनवर अंगठा)

हा अंगठा बघा. वर्षानुवर्षं कोयता धरलेला हात आहे. मशीन एकदा नाही म्हणतं, दुसऱ्यांदा नाही म्हणतं. दुकानदार बोट पुसायला लावतो, मग दुसरं बोट, मग डाव्या हाताचं.

(दृश्य: तहसील कार्यालय, पुरवठा शाखेची खिडकी)

2025 च्या एप्रिल-मेमध्ये राज्यभर अपात्र शिधापत्रिकांची शोधमोहीम झाली. फॉर्म भरायचा आणि राहत्या जागेचा पुरावा जोडायचा: वीजबिल, भाडेपावती, बँकेचं पासबुक. वीटभट्टीवर गेलेली कुटुंबं मे महिन्यात बहुधा भट्टीवरच असतात. भाडेपावती त्यांना कोण देणार?

तपासणी नको, असं इथं कुणीच म्हणत नाही. उलट, या खिडकीवर नवं नाव घेऊन आलेल्यांना एकच शब्द ऐकायला मिळतो: इष्टांक. राज्याला किती लाभार्थी घेता येतील, याचा आकडा वरून ठरलेला आहे, सुमारे 7 कोटी. तो 2011 च्या जनगणनेवर बेतलेला आहे. इष्टांक भरला की नवं नाव चढत नाही. जुनं कमी झालं तरच जागा होते. म्हणून मेलेल्या माणसाचं नाव वेळेत निघायलाच हवं. त्या जागेसाठी कुणाची तरी सून, कुणाचं तरी लेकरू थांबलेलं आहे.

आणि पात्रता ठरते कशावर? ग्रामीण भागात प्राधान्य कुटुंबासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 44 हजार रुपये. सगळ्या घराची. महिन्याचे साधारण 3,667. रोजगार हमीची 2025-26 ची मजुरी दिवसाला 312 रुपये होती. त्या दरानं नवरा-बायको दोघांनी 71 दिवस काम केलं, की मर्यादा ओलांडली. ही रेघ हलवल्याशिवाय कागदोपत्री प्रामाणिक तपासणी केली, तर या पारावरची किती घरं पात्र उरतील?

(दृश्य: पुन्हा पार, यादीवर सह्या आणि अंगठे)

अन्नसुरक्षा कायद्यातच वाट आहे. कलम 27 सांगतं, वितरण व्यवस्थेची दप्तरं लोकांसाठी खुली ठेवा. कलम 28 सांगतं, स्थानिक संस्थांनी ठरावीक काळानं सामाजिक अंकेक्षण, म्हणजे लोकांसमोर कारभाराची तपासणी, करावी आणि त्यात जे निघालं ते जाहीर करावं. म्हणजे आज इथं जे चाललंय, ते कुणाची मेहेरबानी म्हणून नाही. प्रत्येक गावात ते व्हायला हवं, आणि नावं कमी करण्याच्या आधी व्हायला हवं.

कमी करायची नावं, तूर्त ठेवायची नावं आणि चढवायची नावं, अशा तीन वेगळ्या याद्या झाल्या. वाचून दाखवल्यावर खाली सह्या झाल्या. काही घरांचं धान्य मध्यंतरी बंद होतं. तेही याद्यांसोबत लिहून दिलं आहे. तिन्ही याद्या पुरवठा निरीक्षकांकडे जातील आणि एक प्रत ग्रामपंचायतीच्या फलकावर लागेल.